मास्तरांच्या बाजूचा ब्रेक

त्या शहरात सायकल चालवणाऱ्या माणसाला ‘फुकट्या’ म्हणतात, आणि हा शब्द क्लचमास्तरांनी दिला आहे. शहरात पुतळे बरेच आहेत. ज्यांचे पुतळे आहेत त्यांनी शहराला काय दिलं हे खालची पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. क्लचमास्तरांचं देणं मात्र रोज सकाळी प्रत्येक चौकात ऐकू येतं, आणि तेही हॉर्नसकट.

मास्तर एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत. कुठलंही वाक्य ते ‘क्लच’ या शब्दाने सुरू करत, म्हणून क्लचमास्तर. घरी जेवताना भाजी पुढे करायला सांगायची असली तरी तोंडातून आधी ‘क्लच’ निघे आणि मग भाजी, असं त्यांची बायको सांगे. शहरातले निम्मे गाडीवाले त्यांच्या हाताखालून गेले होते. दातांचे डॉक्टर गेले, मुख्याध्यापिका गेल्या, बेकरीचा मालक गेला, वाहतूक पोलिसांत नव्याने लागलेली पोरं गेली. क्लच, गिअर आणि आरसा या तीन गोष्टी यातले बरेचजण पुढे विसरले. चौथी कोणी विसरलं नाही. बिनतारी यंत्रावर ‘चौकात एक फुकट्या पडलाय, रस्ता मोकळा करतो’ असा निरोप जाई आणि पलीकडच्या साहेबाला त्यात काही खटकत नसे. साहेबही मास्तरांचाच विद्यार्थी.

स्कूलची खोली टायरच्या दुकानावर होती. खोलीत एक लांबरुंद टेबल, टेबलावर रंगवलेले रस्ते आणि रस्त्यांवर खेळण्यातल्या गाड्या: लाल बस, निळा ट्रक, दारं उघडणाऱ्या दोन मोटारी. सायकलवाल्याच्या जागी मास्तर काडेपेटीतली काडी ठेवत. मुख्याध्यापिकांनी शिकत असताना एकदा विचारलं होतं, “मास्तर, सगळ्यांना खेळणी, मग ह्यालाच काडी का?”

“क्लच… म्हणजे असं बघा बाई, ही मोडली तर पेटीत दुसरी असते.”

मुख्याध्यापिका हसल्या आणि दुसऱ्या दिवशी शाळेत हा विनोद त्यांनी स्वतःच्या नावावर खपवला. सुशिक्षित लोक विनोदाच्या बाबतीत फारसे सोवळे नसतात.

मास्तरांचं शास्त्र सरळ होतं. रस्ता पैशाने बनतो. गाडीवाला कर भरतो, विमा भरतो, परीक्षा देतो, नंबर लावून घेतो. सायकलवाला यातलं काहीच करत नाही, आणि तरी रस्त्यावर येतो. म्हणजे तो फुकट्या. हे सांगताना त्यांचा आवाज असा चढे, की जणू डांबराचं पिंप त्यांनीच डोक्यावरून वाहून आणलं आहे. वस्तुस्थिती जराशी वेगळी होती. शिकवणीची गाडी मालकाची, तिचा कर मालक भरे, विमा मालकाचा, पेट्रोल मालकाचं. मास्तरांची स्वतःची गाडी कधीच नव्हती. उभा जन्म त्यांनी दुसऱ्याच्या गाडीत शेजारच्या सीटवर बसून काढला होता आणि संध्याकाळी ते बसने घरी जात. पण शास्त्र सांगणाऱ्याला असं काही विचारायचं नसतं, आणि विचारणारे स्वतः गाडी घेण्याच्या गडबडीत होते.

एखाद्या मोटारीने लाल दिवा तोडला, तर मास्तर म्हणत, “त्याला घाई असेल.” सायकलीने तोडला, तर म्हणत, “ही जमातच तसली.” मोटारवाला चुकला की एक माणूस चुके. सायकलवाला चुकला की आजवर पायडल मारलेले सगळे एकदम आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहत, त्यात बाळाची तीनचाकीही सुटत नसे. शिवाय सायकलवाल्यांत अलीकडे दोन प्रकार झाले होते. एक, ज्याला दुसरं काही परवडत नाही, डबा दांड्याला अडकवून कारखान्यात जाणारा. दुसरा, ज्याला सगळंच परवडतं, घट्ट चड्डी आणि डोक्यावर अर्धं कलिंगड चढवून पहाटे निघणारा. पहिल्याचा मास्तरांना राग यायचा, कारण त्याच्याकडे गाडी नाही. दुसऱ्याचा यायचा, कारण त्याच्याकडे ती आहे आणि तरी तो बाहेर काढत नाही. गाडी ठेवून सायकल घेणं म्हणजे गाडीवाल्यांच्या तोंडावर केलेला अपमानच. हे म्हणजे लग्नाला येऊन जेवणार नाही म्हणण्यासारखं झालं.

पण खरं दुखणं सिग्नलला कळे. शंभर गाड्या एकमेकींच्या ढुंगणाला नाक लावून उभ्या. आत बसलेला प्रत्येकजण गाडीच्या हप्त्याचा विचार करतो आहे. आणि शेजारच्या फटीतून तो जातो. शीळ घालत. त्या क्षणी गाडीतल्या माणसाला जे वाटतं त्याला शब्द लागतो, आणि तो मास्तरांनी आयता पुरवलेला होता.

रस्त्यावर शिकवताना मास्तरांची एकच सूचना असे. “पुढे फुकट्या आहे. त्याच्याकडे बघायचं नाही. त्याच्यासाठी ब्रेक मारायचा नाही. आपण आपल्या वेगाने जायचं. तो सरकतो.”

आणि आश्चर्य म्हणजे तो सरके. डॉक्टरांना तो अनुभव आला, बेकरीवाल्याला आला, सगळ्यांना आला. गाडी सायकलीच्या मागे जाई, जराशी मंद होई, आणि सगळं सुरळीत पार पडे. मास्तर खिडकीतून बाहेर बघत म्हणत, “बघितलंत? सरकला.” विद्यार्थ्याची छाती फुगे.

शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक होता. असतोच. त्याचा विचार कोणी केला नाही.

मास्तरांना एकच मुलगी. ती नर्स होती. मोठ्या दवाखान्यात रात्रपाळ्या करून तिच्या डोळ्यांखाली कायमची काजळी धरली होती. मग तिला दुसरीकडे दिवसाची नोकरी चालून आली: ज्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना अंथरुणातून उठता येत नाही, त्यांच्या घरी जाऊन जखमा बांधायच्या, इंजेक्शनं द्यायची. ऑफिस छोटी गाडी देणार, लायसन्स मात्र तिने आणायचं. तिथल्या मोठ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, “महिनाअखेरीपर्यंत लायसन्स दाखव. नाहीतर दुसरी एक आहे, तिच्याकडे आहे.” ती दुसरी लेकीच्या ओळखीची होती. रुग्णाला सुई टोचताना ती स्वतः डोळे मिटून घ्यायची.

क्लचमास्तरांच्या मुलीला लायसन्स मिळायचं म्हणजे सोनाराच्या घरी कानातले मिळण्याइतकं सोपं, असं सगळ्यांनी धरलं होतं. मास्तरांनी तिला स्वतः शिकवलं. तिचा क्लच लोण्यासारखा सुटे. उलटी गाडी ती अशी घेई, की टायरच्या दुकानातला पोऱ्या हातातलं काम टाकून बघत राही.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक बाई मास्तरांच्या सीटवर बसल्या. आधीचे परीक्षक मैदानातच फेरी मारायला लावून पास करत, या मात्र रस्त्यावर नेत. दोन्ही पाय त्यांनी मागे ओढून घेतले. नियम असा, की परीक्षकाला ब्रेक मारावा लागला, की उमेदवार नापास. चढण झाली, वळण झालं, उलटी गाडी झाली. बाजाराच्या रस्त्यावर पुढे एक सायकल आली, मागच्या कॅरिअरवर पावाचे क्रेट एकावर एक बांधलेले. लेक शांतपणे तिच्या दिशेने गेली. अगदी शांतपणे. परीक्षक बाईंनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा क्रेटांकडे बघितलं, आणि मग दोन्ही पाय जोडून ब्रेकवर उभ्याच राहिल्या.

गाडी क्रेटांपासून वीतभर अंतरावर थांबली. पाववाल्याने मागे वळून बघितलं आणि त्यांच्या आयांचा थोडक्यात उल्लेख करून तो पुढे गेला.

“दिसला नाही का तो तुम्हाला?” परीक्षक बाईंनी विचारलं.

“दिसला की.”

“कोण दिसला?”

“फुकट्या.”

बाई शहरात नव्या होत्या. त्यांनी दीर्घ श्वास घेतला. “बरं. दिसला. मग थांबला का नाहीत?”

लेक खोटं बोलणाऱ्यांतली नव्हती. “मला वाटलं, गाडी थांबेल.”

“आपोआप?”

“हो. म्हणजे… नेहमी थांबते.”

परीक्षक बाईंनी तिला गाडी कडेला घ्यायला सांगितली आणि उरलेलं अंतर स्वतः चालवत परत आणली. पुढच्या परीक्षेची तारीख मिळाली ती महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली. त्यानंतर महिना नव्हता आणि नोकरीही नव्हती.

घरी मास्तरांनी आधी पाववाल्याला शिव्या घातल्या, मग परीक्षक बाईंना.

“ब्रेक मारायचं तिला काय नडलं होतं? तो सरकला असता.”

“नसता सरकला, बाबा.”

“सरकतात.”

“कधी?” लेक खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसली. “मी येताना सबंध रस्ता आठवत आले. एकही सरकलेला मला आठवत नाही. ते आपले आहेत तिथंच असतात. गाडी हळू होते. आणि मी तर कधी ब्रेक मारला नाही, तू मारू दिला नाहीस. मग गाडी हळू कोण करत होतं?”

“उतार असेल.”

“सगळीकडे उतार? चढणीवरसुद्धा?”

आतून भांडी घासण्याचा आवाज बंद झाला. बायको दारात येऊन उभी राहिली, हात तसेच साबणाचे. “माझ्याही वेळी थांबायची हो. आपोआप. मला वाटायचं, किती शहाणी गाडी आहे.”

“तू गप्प बस.”

“इतकी वर्षं बसलेच आहे की.”

ते खरं होतं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मास्तरांनी बायकोला गाडी शिकवली होती. लायसन्स मिळालं त्याच आठवड्यात भावाची गाडी घेऊन ती एकटी बाहेर पडली आणि पहिल्याच चौकात एका सायकलवाल्याला उडवून आली. त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. त्या दिवसापासून बायको स्टिअरिंगला शिवली नव्हती, आणि त्या दिवसापासून मास्तर सांगत आले होते, की तोच आडवा आला. तो आडवा आला नसता तर मग बाईला शिकवलं कोणी, असा प्रश्न निघाला असता. तो निघू नये म्हणून शहरातले सगळे सायकलवाले गेली कित्येक वर्षं आडवे येत होते.

“मी,” मास्तर उभे राहिले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, “मी सायकलवाल्यासाठी ब्रेक मारतो? मी?” हे त्यांनी अशा थाटात म्हटलं, की जणू त्यांच्यावर चोरीचा आळ आला आहे.

“मारत असशील,” लेक म्हणाली. “तुला कळत नसेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला विद्यार्थी बँकेतला कॅशिअर होता. मोठा सावध माणूस, गिअर टाकतानाही तो दोनदा मोजून टाके. नदीकाठच्या रस्त्याला लागल्यावर पुढे एक सायकल आली.

“क्लच… पुढे फुकट्या आहे. लक्ष द्यायचं नाही. चला.”

एवढं बोलून मास्तरांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच खिडकीबाहेर बघायच्या ऐवजी खाली बघितलं. त्यांच्या उजव्या पायातला काळा बूट ब्रेकवर होता. नुसता होता असं नाही. तो हळूहळू, मोठ्या जाणतेपणाने, जात्यावर बसलेल्या बाईच्या हातासारखा खाली जात होता. मास्तरांनी त्याला तसं काहीही सांगितलेलं नव्हतं. तोंड एक सांगत होतं आणि पाय दुसरंच करत होता.

गाडी मंदावली. सायकल आपल्या जागी, रेघ मारल्यासारखी सरळ चालली होती. तिला मागे कोणी आहे याचा पत्ताही नव्हता.

“बघा मास्तर,” कॅशिअर खुशीत म्हणाला, “सरकला!”

स्वतःचाच पाय असा फितूर निघाल्यावर माणूस कोणाकडे तक्रार करणार? त्या दिवशी त्यांनी त्याला ताब्यात ठेवायचे पुष्कळ प्रयत्न केले. सीटखाली दाबला, तर सायकल दिसताच तो बाहेर आला. डाव्या पायाने त्याच्यावर उभे राहिले, तर डाव्याने स्वतःच ब्रेक मारला. संध्याकाळी त्यांनी टायरच्या दुकानात बसून हिशोब केला. डॉक्टर, मुख्याध्यापिका, बेकरीवाला, पोलीस. सगळ्यांना त्यांनी सांगितलं होतं, की तो सरकतो. सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं, की तो सरकतो. मग ती मंडळी आपापल्या गाड्या घेऊन शहरात गेली होती, आणि त्या गाड्यांत मास्तरांचा पाय नव्हता.

आपल्या शहरातले सायकलवाले इतके उर्मट का, बाजूला का होत नाहीत, असं वर्तमानपत्रात वरचेवर कोणीतरी विचारत असे. पत्र बहुधा डॉक्टरांचं असे.

मास्तरांना पश्चात्ताप वगैरे झाला असेल, असं समजण्याचं कारण नाही. तो त्यांच्या प्रकृतीला मानवणारा पदार्थ नव्हता. त्यांना एवढंच कळलं, की लेकीच्या पायात ब्रेक भरला नाही तर नोकरी त्या डोळे मिटणारीला जाणार. म्हणून त्यांनी त्याच संध्याकाळी लेकीला गाडीत बसवलं आणि कारखान्याच्या रस्त्याला न्यायला सांगितलं. पाळी सुटायची वेळ होती.

गेट दिसायला लागल्यावर त्यांनी बूट काढले, पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घातली.

“हे काय?” लेक म्हणाली. “पूजेला बसलायस?”

“समोर बघ. आता हे आडवे येतील. तू… हे करायचं.”

“काय करायचं?”

“उजवा पाय. डावीकडे घ्यायचा. दाबायचा.”

“ब्रेक मारायचा म्हण की.”

“तेच.”

“कोणासाठी?”

“पुढे जो असेल त्याच्यासाठी.”

“बाबा, काल परीक्षक बाईंनी विचारलं, कोण दिसला, आणि मी काय बोलले तुला माहितीये. परत विचारलं तर काय म्हणू?”

गेट उघडलं होतं आणि निळ्या कपड्यांतली माणसं सायकली ढकलत बाहेर पडत होती, दांड्याला डबे लटकत होते.

“सायकलस्वार म्हण,” मास्तर शेवटी म्हणाले. दाढ उपटताना माणूस जेवढ्या खुशीने तोंड उघडतो, तेवढ्याच खुशीने.

“स्वार!” लेक म्हणाली. “एकदम घोड्यावरच बसवलंस त्याला.”

“थट्टा पुरे. तो बघ आला.”

एक सायकल रस्त्याच्या मध्याकडे झुकत पुढे आली होती. गाडी तिच्या दिशेने निघाली आणि मास्तरांचा पाय उठायला गेला. पण मांडीत तो पुरता अडकला होता आणि त्याला मुंग्याही आल्या होत्या. गाडी चालली होती. सायकलवाल्याची पाठ मोठी होत होती. इतक्या वर्षांत मास्तरांनी अशी पाठ कधी बघितली नव्हती, कारण ऐन वेळी ते खिडकीबाहेर बघत. बाहीला दुसऱ्याच निळ्याचं ठिगळ होतं. मानेवर केस नीट कापलेले होते, बहुधा कालच. मान बारीक होती. त्या मानेच्या मागे कुठलाच पत्रा नव्हता, बंपर नव्हता, काही नव्हतं. माणूस नुसताच्या नुसता रस्त्यावर आला होता.

“हरामखोर!” मास्तर ओरडले. “नालायक! मरायला आलाय साला! थांब, थांब, अगं थांब!”

लेकीने करकचून ब्रेक मारला. मास्तरांचे गुडघे डॅशबोर्डवर आपटले. सायकलवाला काहीही न कळता पुढे गेला.



“तू घाबरलास,” लेक म्हणाली.

“मी शिव्या देत होतो.”

“हो, पण घाबरून.”

मास्तर गुडघे चोळत राहिले. या धंद्यात जन्म गेला, पण फुकट्याचा खरा उद्धटपणा त्यांना आज कळला होता. तो कर भरत नाही, हे ठीक आहे. तो फटीतून निसटतो, तेही सोसता येईल. पण त्याला जरा धक्का लागला की तो मरतो. तुम्ही पत्र्याच्या पेटीत गादीवर बसून गाणी ऐकत चाललेले असता, आणि हा मनुष्य एवढीशी मान घेऊन पुढ्यात येतो आणि तुम्हाला खुनी करून ठेवायला तयार असतो. त्याच्याबद्दल प्रेम कसं वाटणार? त्यापेक्षा तो फुकट्या आहे म्हटलं की झालं. काच वर करता येते.

“परत घे,” मास्तर म्हणाले. “आणि एवढा जोरात नाही. त्याला लांबूनच बघ. लांबूनच पाय काढ.”

परीक्षेपर्यंत ते रोज पाळी सुटताना त्या रस्त्याला जात राहिले. मास्तर मांडी घालून बसत आणि शिव्यांची शिकस्त करत. कारखान्यातल्या माणसांना ती गाडी ओळखीची झाली. एक जाडा, मिशीवाला गडी तर मुद्दाम पुढे येऊन रमतगमत चाले आणि मागे वळून म्हणे, “घ्या ताई, शिका!” मास्तर काच खाली करून त्याच्या सात पिढ्यांचा समाचार घेत. लेक तोवर दुसऱ्या गिअरमध्ये येऊन लोण्यासारखी मंदावलेली असे. इतर विद्यार्थ्यांपुढे मात्र मास्तर पाय खालीच ठेवत आणि पूर्वीचंच सांगत. सबंध शहर नव्याने शिकवायला त्यांना कोणी पगार देत नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी उमेदवारांबरोबर आलेल्यांनी भिंतीकडेच्या बाकावर बसायचं होतं. मास्तरांच्या शेजारी दुसऱ्या एका स्कूलचा मास्तर बसला होता, तोंडात लवंग धरून. दोघांना एकमेकांचं तोंड बघवत नसे, म्हणून दोघेही समोर बघत होते.

लेकीने गाडी काढली. परीक्षक बाई पाय मागे घेऊन बसल्या. गाडी मैदान ओलांडून फाटकाकडे निघाली, आणि बाहेरून नेमका त्याच वेळी एक सायकलवाला फाटकासमोर येऊन उभा राहिला. पुढे जाईना, मागे होईना. खाली वाकून काहीतरी करत बसला.

मास्तर बाकावर ताठ झाले. त्यांचा उजवा पाय पुढे गेला आणि बुटाची टाच मातीत रुतायला लागली. गाडी फाटकाकडे चालली होती. मध्ये इतकं अंतर होतं, की ओरडून उपयोग नव्हता, आणि ओरडायला बंदीही होती. मास्तरांनी टाच आणखी दाबली. मातीत खड्डा पडला. गाडीला काही झालं नाही.

मग मागचे दोन दिवे लाल झाले.

गाडी अलगद थांबली. इतक्या लांब अंतरावर, इतक्या सभ्यपणे, की तो मनुष्य खरोखरच कोणीतरी मोठा असावा, असं वाटावं. आणि त्याने मान वर केली नाही. तो आपला खालीच वाकलेला. लेक थांबली. बाई थांबल्या. दिवे लाल. हॉर्न वाजवला तर बाई काय म्हणतील ते मास्तरांना ठाऊक होतं. इकडे मास्तरांच्या तोंडात शिव्यांचा पूर आला होता, पण ओठ पुटपुटत होते ते मात्र विनवणीसारखंच काहीतरी होतं. जा बाबा. हो बाजूला. तुझं भलं होईल, मर मेल्या, पण आधी हो बाजूला.

“पायाला काय झालं तुमच्या?” शेजारच्याने लवंग इकडून तिकडे फिरवत विचारलं.

“बघताय ना तो?” मास्तर दात आवळून म्हणाले. “नंबर नाही, विमा नाही, लायसन्स नाही. आणि माझ्या पोरीची परीक्षा घेतोय!”

“फुकट्याच तो,” शेजारचा म्हणाला. शब्द त्याच्याही स्कूलपर्यंत पोचला होता.

“सायकलस्वार म्हणा,” मास्तर खेकसले. “आत बाई बसल्यात.”

सायकलवाला सरळ झाला, हात पँटला पुसले, टांग टाकली आणि निघाला. लाल दिवे विझले. गाडी फाटकाबाहेर पडून वळली आणि दिसेनाशी झाली. मास्तरांनी पाय खड्ड्यातून काढला. तो अजून ब्रेक शोधत होता, म्हणून त्यांनी त्याच्यावर दुसरा पाय ठेवला.

गाडी परत आली तेव्हा परीक्षक बाई शेजारच्या सीटवर होत्या आणि चालवत लेक होती. तेवढ्यावरूनच कळलं. बाई उतरताना म्हणाल्या, “चांगली चालवता. मागच्या वेळी काय झालं होतं?” लेक म्हणाली, “सवय नव्हती.” त्यावर बाईंनी मान हलवली आणि पुढच्या उमेदवाराला हाक मारली.

लेक धावतच बाकाकडे आली. डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडभर हसू. “झालं, बाबा! उद्याच दाखवते जाऊन. रात्रपाळी संपली!”

मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग फाटकाकडे बघत म्हणाले, “तो मघाचा. मुद्दाम उभा होता ना?”

“नाही रे. चेन उतरली होती त्याची.”

“चेन उतरते म्हणजे?” मास्तर उसळले. “घरून बघून निघायला काय होतं? देखभाल शून्य! आणि हे असले लोक रस्त्यावर.”